गलगंडाचा मुलूख आणि मिठाचा कारभार

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पाण्याचे गुणदोष सांगताना संहिताकार नद्यांची त्यांच्या उगमपर्वतांप्रमाणे वर्गवारी करतात, आणि सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्यांकडे कुष्ठाचा व महेंद्रपर्वतातून निघणाऱ्या नद्यांकडे श्लीपदाचा, म्हणजे हत्तीपायाचा, दोष देऊन झाल्यावर, हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांमुळे होणारे जे विकार मोजतात त्यांत हृद्रोग, सूज, शिरोरोग यांच्या जोडीला गलगंडाचे नाव स्पष्टपणे घेतात. या यादीतील पुष्कळसे निदान काळाच्या कसोटीला उतरले नाही. सह्याद्रीच्या पाण्यावर वाढलेल्या आपल्या पूर्वजांना त्या पाण्याने कुष्ठ जडले असे म्हणण्यास आज कोणताही आधार नाही. पण हिमालयाचे पाणी आणि गळ्याची गाठ यांचा जो संबंध त्या निरीक्षकाने टिपून ठेवला, तो खरा निघाला. काश्मीरपासून ईशान्येच्या टेकड्यांपर्यंत पसरलेल्या त्या सबंध डोंगरपट्ट्यात, आणि पायथ्याच्या तराईतही, गलगंड हा कुण्या एकट्यादुकट्याचा आजार नसून मुलखाचाच आजार होता. तेथे गळा सुजलेला माणूस कुणाच्या डोळ्यांत भरत नसे, आणि आईच्या गळ्याला गाठ असली तर मुलीच्याही गळ्याला ती यायचीच, असे लोक धरून चालत.

या गाठीचे मूळ ज्या ग्रंथीत आहे ती अवटू ग्रंथी कंठाच्या पुढच्या भागी श्वासनलिकेला बिलगून असते, आणि निरोगी प्रौढ माणसात तिचे वजन जेमतेम 20 ग्रॅमच्या घरात भरते. ती आपला स्राव कोणत्याही नलिकेवाटे बाहेर न टाकता सरळ रक्तात सोडते, म्हणून तिची गणना अंतःस्रावी ग्रंथींत होते. आणि तिचे जे मुख्य हॉर्मोन, थायरॉक्सिन, त्याच्या एकेका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. हे आयोडीन शरीराला स्वतः निर्माण करता येत नाही, ते अन्नपाण्यातूनच यावे लागते. त्याची गरज मात्र इतकी अल्प आहे की प्रौढ माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरतात, आणि सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब मांडला तरी सगळी बेरीज चार ग्रॅमच्या आतच राहते. ही चिमूटभर सामग्री न मिळाली की रक्तातील थायरॉक्सिन घटते. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी ते ओळखून अवटूला अधिक कामाची आज्ञा देत राहते. आणि कच्चा माल नसताना केवळ आज्ञेच्या रेट्याखाली राबणारी अवटू ग्रंथी वाढत वाढत गळ्याबाहेर लोंबू लागते.

गाठ दिसते, म्हणून तिची नोंद झाली. जे दिसत नाही ते तिच्याहून कितीतरी भयंकर आहे. गर्भावस्थेत आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूची जडणघडण या हॉर्मोनवाचून होत नाही. ज्या खोऱ्यांत आयोडीनचा दुष्काळ पराकोटीला पोचला होता तेथे मुकी, बहिरी, ठेंगणी, मंदबुद्धीची मुले पिढ्यान्पिढ्या जन्मत राहिली, आणि वैद्यकाने या अवस्थेला जडवामनता हे नाव दिले. आल्प्स पर्वतातील व्हाले या प्रदेशात नेपोलियनच्या अमलात जी मोजदाद झाली तिच्यात सुमारे 70,000 लोकवस्तीत जवळजवळ 4,000 माणसे या अवस्थेत आढळली. या आकड्यावरून नजर सहज पुढे सरकू नये. दर सतरा-अठरा माणसांत एक, असा त्याचा अर्थ आहे, आणि त्या प्रत्येकामागे एक आई आहे.

उपाय हाती येण्यास वास्तविक उशीर झाला नव्हता. 1811 साली बर्नार्ड कूर्त्वा या फ्रेंच कारखानदाराला, नेपोलियनच्या युद्धांसाठी सोरा बनवताना, समुद्रशेवाळाच्या राखेतून जांभळी वाफ निघताना दिसली आणि आयोडीनचा शोध लागला. समुद्रातील स्पंज जाळून त्याची राख गलगंडावर देण्याचा प्रघात युरोपात फार जुना होता. त्या राखेतील गुणकारी द्रव्य आयोडीनच असले पाहिजे असा तर्क जिनिव्हाचे वैद्य जाँ-फ्रान्स्वा क्वांदे यांनी केला, आणि 1820 साली त्यांनी रोग्यांना आयोडीनचा अर्क देण्यास प्रारंभ केला. गाठी ओसरू लागल्या. पण मात्रेचे ज्ञान कुणालाच नव्हते. लोक औषध मनास येईल तसे घेऊ लागले, कित्येकांची छाती धडधडू लागली, हात कापू लागले, शरीर झडू लागले, आणि क्वांदे यांच्यावर टीकेची झोड उठली. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ बूसँगो यांनी दक्षिण अमेरिकेतील न्यू ग्रॅनाडा येथे हिंडताना काही खाणींचे मीठ खाणारे लोक गलगंडापासून मुक्त असल्याचे पाहून आयोडीनयुक्त मीठ वाटण्याची सूचना 1830 नंतरच्या दशकातच केली, आणि शतकाच्या मध्यास त्यांचेच देशबंधू शातँ यांनी पाणी, माती, धान्य यांतील आयोडीन मोजून गलगंडाच्या प्रदेशांत त्याचा तुटवडा असतो असे पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे मांडले. सभेला ते पटले नाही. अशा रीतीने जे सत्य हाताशी आले होते ते भीतीने आणि अविश्वासाने आणखी सत्तर वर्षे बाजूला ठेवले गेले.

या मधल्या काळात शस्त्रवैद्यांनी पुढाकार घेतला. बर्नचे थेओडोर कोखर हे त्यांतील अग्रणी. त्यांच्या हातून आयुष्यभरात अवटू ग्रंथीच्या सुमारे 5,000 शस्त्रक्रिया झाल्या आणि 1909 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि त्यांचे खरे मोठेपण मला निराळ्याच गोष्टीत वाटते. ज्या रोग्यांची संपूर्ण ग्रंथी आपण काढून टाकली त्यांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी त्यांनी त्यांना पुन्हा बोलावून घेतले, आणि त्यांतील बहुतेक सारे सुजलेल्या चेहऱ्याचे, मंद हालचालींचे, जडवामनांसारखे झालेले पाहून 1883 साली ते सारे जाहीरपणे छापून टाकले. आपल्या कीर्तीला बाध येईल याचा विचार न करता केलेल्या त्या कबुलीतून या ग्रंथीवाचून माणूस माणूस राहत नाही हे वैद्यकाला कळले; 1891 साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून अशाच एका स्त्रीला बरे केले, आणि 1895 साली ऑयगेन बाउमान यांना ग्रंथीतच आयोडीन सापडले. शातँ खरे बोलत होते, हे आता रसायनशाळेने सिद्ध केले.

हिमालयाचा प्रश्न मात्र या वेळी भलत्याच दिशेने चालला होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गिलगिट येथे एजन्सी सर्जन म्हणून असलेले रॉबर्ट मॅकॅरिसन हे अत्यंत चिकाटीचे संशोधक. एकाच ओढ्याच्या काठी एकाखाली एक वसलेल्या गावांची त्यांनी पाहणी केली, तेव्हा सर्वांत वरच्या गावात गलगंडाचे प्रमाण शेकडा सुमारे 12 तर सर्वांत खालच्या गावात शेकडा सुमारे 45 आढळले. आणि ज्या वस्तीला पाणी स्वतंत्र झऱ्याचे होते ती जवळजवळ निर्दोष होती. यावरून त्यांनी असे अनुमान काढले की वरच्या गावांची घाण खालच्या पाण्यात मिसळते आणि तिच्यातील काही जंतू गलगंड उत्पन्न करतात. एवढेच करून ते थांबले नाहीत, तर पाणी गाळून राहिलेला गाळ त्यांनी स्वतः प्राशन केला आणि स्वेच्छेने पुढे आलेल्या इतरांनाही दिला. या निष्ठेपुढे आपण नतमस्तक व्हावे. अनुमान मात्र अपुरे होते. दूषित पाणी गलगंडाला हातभार लावू शकते, पण त्याचे मूळ कारण ते नव्हे.

येथे चूक एका माणसाची नसून विचाराच्या एका सवयीची आहे. सुश्रुतापासून मॅकॅरिसनपर्यंत सर्वजण पाण्यात काय आहे हे शोधत राहिले. रोग झाला म्हणजे शरीरात काहीतरी अनिष्ट शिरले असले पाहिजे, हा समज इतका स्वाभाविक आहे की शरीरात काहीतरी यायचे राहून गेले म्हणूनही रोग होतो, ही कल्पना रुजायला अवधी लागला. न्यायवैशेषिकांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला, त्याचे अनेक प्रकारही सांगितले. तो विचार ज्या भूमीत झाला तिच्या उत्तर सीमेवर कारण म्हणून अभावच उभा होता. हिमनद्यांनी आणि सहस्रावधी वर्षांच्या पावसाने डोंगरांच्या मातीतील आयोडीन धुऊन समुद्रात नेले, त्या मातीत पिकलेल्या धान्यात ते उतरले नाही, त्या मातीतून वाहणाऱ्या पाण्यातही ते राहिले नाही. हिमालयाच्या नदीचा दोष एवढाच की तिच्याजवळ द्यायला काही उरले नव्हते.

अमेरिकेत डेव्हिड मरीन यांनी या अभावाची परीक्षा अगदी सरळ मार्गाने घेतली. ओहायो राज्यातील ॲक्रन शहरात 1917 पासून त्यांनी आणि त्यांचे सहकारी किंबल यांनी शाळकरी मुलींना वर्षातून दोनदा थोडे सोडियम आयोडाइड दिले. ज्यांनी ते घेतले त्या 2,190 मुलींपैकी फक्त 5 जणींची ग्रंथी वाढली. ज्यांनी घेतले नाही त्या 2,305 मुलींपैकी 495 जणींची वाढली. यानंतर वाद घालण्यास फारशी जागा उरली नाही.

आता प्रश्न असा होता की शाळेत न जाणाऱ्या मुलीपर्यंत, डोंगरावरच्या धनगरापर्यंत, पोटुशी असलेल्या शेतकरणीपर्यंत हे द्रव्य रोज, योग्य मात्रेत आणि आयुष्यभर पोचवायचे कसे. याचे उत्तर वैद्यकशास्त्राजवळ नव्हते, ते मिठाच्या कारभारात होते. माझ्या मते गलगंडाच्या इतिहासातील सर्वांत वाचनीय प्रकरण हेच आहे. माणूस गरीब असो की श्रीमंत, मीठ तो खातोच, आणि दिवसाला जवळजवळ तेवढेच खातो. शिवाय मीठ कुणी घरी पिकवत नाही, ते थोड्या ठिकाणी निघते आणि तेथून साऱ्या मुलखात जाते. ज्याच्या हाती ती मोजकी ठिकाणे, त्याच्या हाती औषध प्रत्येक घरात पोचवण्याची किल्ली. स्वित्झर्लंडमध्ये मिठाचा मक्ता प्रत्येक कँटनच्या, म्हणजे स्वायत्त प्रांताच्या, सरकारकडे पूर्वापार होता. महसुलासाठी चालवलेला हा मक्ता अकल्पितपणे लोकांच्या आरोग्याचे साधन बनला.

व्हालेच्या डोंगरांत वैद्यकी करणारे ओटो बायार्ड यांनी 1918 साली ग्रेखेन या उंचावरच्या गावात, गलगंडाने ग्रासलेल्या काही कुटुंबांसाठी, मिठात पोटॅशियम आयोडाइड स्वतः मिसळून ते एक हिवाळाभर त्यांना खायला दिले. क्वांदे यांच्या वेळी जी भीती पसरली तिचे कारण मात्रा हेच होते, म्हणून बायार्ड यांनी मात्रा अत्यल्प ठेवली. गाठी लहान झाल्या आणि कुणालाही अपाय झाला नाही. हे वृत्त कळताच आपेनत्सेल आउसररोडन या कँटनमधील हेरिसाउ येथील रुग्णालयाचे प्रमुख, शस्त्रवैद्य हान्स एगेनबेर्गर, स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी 1922 च्या आरंभी जाहीर व्याख्याने देऊन लोकांना हा विषय समजावून सांगितला, नागरिकांच्या सह्या गोळा केल्या आणि सरकारकडे मागणी गुदरली की आमच्या मिठात आयोडीन घालून द्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत ते मीठ विक्रीला आले. रोगाची व्याप्ती पाहणारी राष्ट्रीय समितीही त्याच वर्षी स्थापन झाली, आणि एकामागून एक कँटन त्या वाटेने गेले. आरंभी दर किलो मिठात आयोडीन चार मिलिग्रॅमहूनही कमी होते. पुढे अनुभवाने ते 1962, 1980, 1998 आणि 2014 साली टप्प्याटप्प्याने वाढवून 25 मिलिग्रॅमवर आणले गेले. साधे मीठही दुकानात मिळत राहिले, कुणावर जबरदस्ती झाली नाही. तरी 1930 नंतर त्या देशात जडवामन मूल जन्मल्याची नोंद सापडत नाही. अमेरिकेत मिशिगन राज्याने 1924 साली हीच वाट धरली.

हिंदुस्थानात त्या वेळी मिठावर सरकारची पकड स्वित्झर्लंडहून कितीतरी घट्ट होती. एकोणिसाव्या शतकात मिठाची चोरटी ने-आण थांबवण्यासाठी सिंधूपासून महानदीच्या बाजूपर्यंत सुमारे 2,300 मैल लांबीची जकातीची सरहद्द आखली होती, तिच्यावर काटेरी कुंपण वाढवले होते आणि सुमारे 12,000 शिपाई व अंमलदार नेमले होते. 1879 साली ती उठली तरी मिठाचे खाते, परवाने, गोदामे आणि जकात कायम राहिली, आणि 1930 साली दांडीच्या किनाऱ्यावर महात्माजींनी मूठभर मीठ उचलले ते याच कारभाराविरुद्ध. पंजाबातील खेवड्याच्या खाणीतील सैंधवाचा मणन् मण ज्या दप्तरात नोंदला जात होता त्या दप्तराला कांगड्याच्या आणि कुमाऊंच्या रयतेच्या गळ्याकडे पाहण्याची बुद्धी झाली नाही. मरीन यांचे प्रयोग छापून आले होते, स्विस कँटनांचा अनुभव जगापुढे होता, मॅकॅरिसन यांची पाहणी सरकारच्याच नोकरीत झाली होती. तरीही आयोडीनयुक्त मिठाची व्यापक योजना ब्रिटिश राजवटीत अमलात आली नाही. ज्या यंत्रणेला मिठावर कर वसूल करता येतो तिला मिठातून औषध देता येणे मुळीच अवघड नव्हते, आणि म्हणून ही हयगय अक्षम्य ठरते.

1947 साली मिठावरचा कर गेला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, मॅकॅरिसन यांनी कुन्नूर येथे उभारलेल्या पोषणसंशोधनशाळेत काम केलेल्या वुलिमिरी रामलिंगस्वामी या विकृतिशास्त्रज्ञाने, त्या काळी पंजाबात असलेल्या कांगडा खोऱ्यात, मॅकॅरिसन यांनीच अर्धवट सोडलेला प्रश्न हाती घेतला. तेथील लोक पूर्वापार मंडी संस्थानातील द्रंग व गुमा येथील खाणींचे मीठ खात आले होते, आणि खाणीच्या मिठात आयोडीन नावापुरतेच असते. 1956 पासून खोऱ्याचे तीन विभाग करून एका विभागाला पोटॅशियम आयोडाइड घातलेले, दुसऱ्याला साधे आणि तिसऱ्याला पोटॅशियम आयोडेट घातलेले मीठ देण्याची तजवीज झाली. आयोडेट निवडण्याचे कारण व्यवहारी होते: आपल्या दमट हवेत, गोणपाटात भरलेल्या ओलसर मिठातून आयोडाइड उडून किंवा पाझरून जाते, आयोडेट टिकते. आरंभी तिन्ही विभागांतील शाळकरी मुलांत गलगंडाचे प्रमाण शेकडा 38 च्या आसपास होते. 1962 पर्यंत पहिल्या व तिसऱ्या विभागात ते निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले आणि साध्या मिठाच्या विभागात जागचे हलले नाही. मग त्या विभागालाही आयोडीनचे मीठ देण्यात आले, आणि तेथेही गाठी ओसरू लागल्या. या दीर्घकाळ चाललेल्या कामात रामलिंगस्वामी यांच्या समवेत सूच आणि कोचुपिल्लै होते, तसेच एम. जी. देव आणि एम. जी. करमरकर ही दोन मराठी नावेही होती, ही गोष्ट मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे.

1962 साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, पण सरकारी कारखाने थोडे, मागणी अफाट, आणि मीठ फक्त रोगग्रस्त जिल्ह्यांत धाडायचे धोरण, यांमुळे दोन दशके तो रखडत चालला. तराईतील नवजात अर्भकांच्या नाळेचे रक्त तपासून कोचुपिल्लै, चंद्रकांत पांडव, मदन गोडबोले आदींनी जेव्हा दाखवून दिले की तेथे अनेक मुले थायरॉक्सिनच्या तुटवड्यातच जन्म घेतात, तेव्हा प्रश्न गळ्याचा नसून मेंदूचा आहे हे राज्यकर्त्यांना पटले. 1983 साली खाजगी कारखान्यांना परवानगी मिळाली, पुढे देशातील सर्व खाण्याचे मीठ आयोडीनयुक्त करण्याचे धोरण ठरले, आणि 1992 साली कार्यक्रमाचे नावही बदलून त्यात गलगंडाऐवजी आयोडीन-न्यूनताजन्य विकार असा शब्द आला. पांडव यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, ती आयुष्यभर या एका कामाला वाहून घेतल्याबद्दल.

या धोरणापायी खाण्याच्या साध्या मिठाच्या विक्रीवर देशव्यापी बंदी घालण्यात आली होती; ती 2000 साली उठवली गेली, 2005 च्या अधिसूचनेने ती परत आली, 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मूळ कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरवला, आणि नव्या अन्नसुरक्षा कायद्याच्या नियमांत ती अट पुन्हा घालण्यात आली. लहान मिठागरवाल्यांच्या पोटावर या बंदीने पाय आला, ही त्यांची तक्रार खरी आहे आणि तिची दाद लागली पाहिजे. आयोडीन मिसळण्याची यंत्रे त्यांना सामुदायिक रीत्या मिळवून देणे सरकारला अशक्य नाही. पण आमच्या कोकणात समुद्राचेच मीठ निघते, त्यात आयोडीन असतेच, मग वरून घालायचे कशाला, हा जो युक्तिवाद वारंवार ऐकू येतो तो हिशेबाला टिकत नाही. एक लिटर समुद्रजलात 35 ग्रॅम क्षार आणि फार तर 60 मायक्रोग्रॅम आयोडीन असते. ते सगळे मिठात उतरले असे धरले तरी दिवसाच्या 10 ग्रॅम मिठातून 17 मायक्रोग्रॅमच मिळतील, म्हणजे गरजेच्या नवव्या हिश्शाइतके, आणि प्रत्यक्षात त्यातलाही बराचसा भाग मीठ धरल्यावर उरणाऱ्या कडू पाण्याबरोबर निघून जातो. कायद्याने गिऱ्हाइकाच्या हाती पडताना मिठात दर किलोला किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन मागितले आहे, ते याच हिशेबाने.

अलीकडे शहरी मराठी घरांत गुलाबी सैंधव रोजच्या स्वयंपाकात वापरण्याची चाल वाढली आहे, आणि ते हिमालयाचे म्हणून अधिक आरोग्यदायी मानले जाते. ते मूळचे आता पाकिस्तानात असलेल्या पंजाबच्या मीठरांगेतले, मुख्यतः खेवड्याच्या खाणीतले; खाणीचेच मीठ खाऊन ज्या डोंगरी प्रदेशांनी गलगंड आणि जडवामनता सोसली त्यांचा इतिहास वर आलाच आहे. सैंधव उपवासाला, पाचकाला खुशाल वापरावे. पण रोजच्या भाजीआमटीत, आणि विशेषतः ज्या घरात गर्भवती स्त्री किंवा अंगावर पिणारे मूल आहे तेथे, आयोडीनयुक्त मीठच घालावे, ते झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवावे, आणि ज्यांना अवटू ग्रंथीचा विकार आधीच आहे त्यांनी ते सोडण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे, एवढी माझी वाचकांना विनंती आहे.